कपाटातला कॅमेरा

आमच्या घरात आलेला पहिला डिजिटल कॅमेरा सात महिने कपाटात कुलूपबंद पडून होता. त्या सात महिन्यांबद्दल मी कुणालाही माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. लोक म्हणतात, सुमन, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. एवढीशी गोष्ट! म्हणणाऱ्यांचं त्यात काही गेलं नव्हतं, माझ्या भावाचं गेलं होतं. म्हणून हे प्रकरण मी जरा सविस्तरच लिहिणार आहे.

मालवणजवळ किनाऱ्याला लागून आमची वाडी. घर माडांमध्ये, आणि एकाच छपराखाली दोन बिऱ्हाडं. रस्त्याकडची बाजू तात्यांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची. समुद्राकडची बाजू आमची. आई मी शाळेत असतानाच गेली, त्यामुळे आमच्या बाजूला बाबा, दादा, वहिनी आणि मी एवढीच माणसं. तात्या ओरोसला एका कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेले, शिवाय देवळात मानकरी. घरातला फोन त्यांच्या बाजूला, टीव्ही त्यांच्या बाजूला, लोखंडी कपाट त्यांच्या बाजूला. बाबांच्या बाजूला होडी, जाळी आणि गप्प बसणं. बाबा समुद्रात कुणाला घाबरत नसत, पण थोरल्या भावासमोर उभे राहिले की त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. तात्यांची आणखी एक खोड सांगून ठेवते. ते एरवी आमच्यासारखंच मालवणी बोलत, पण कुणाला गप्प करायचं असलं की शुद्ध पुस्तकी मराठीत शिरत. त्यांच्या तोंडून 'आहे' आणि 'नाही' यायला लागलं की आम्ही समजून जायचो.

दादा आखातात एका बोटीवर खलाशी होता. करार दीड वर्षाचा. तो गेला तेव्हा वहिनीला सातवा महिना होता, आणि दोन महिन्यांनी तनू झाली. मुलगी झाल्याचं त्याला फोनवर कळलं, तोही तात्यांच्या फोनवर, तात्यांच्या तोंडून. नंतर कुठल्याशा बंदरातून त्यानं मला ईमेल पाठवला. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, आणि मालवणच्या सायबर कॅफेत आठवड्यातून एकदा जाऊन त्याची पत्रं वाचून यायचं काम माझं होतं. त्यानं इंग्रजी अक्षरांत मालवणी लिहिलं होतं. एक सोपो बारको कॅमेरो घेवा, तुझ्या वैनीक चलवक येयत असो, आणि चेडवाचे रोजचे फोटो धाडा. सणाचे नको, रोजचे. न्हाताना, रडताना, झोपताना. माका बघूचा आसा ता कसा वाढता. एवढंच मागणं, आपलं चेडू, म्हणजे मुलगी, कशी वाढते ते बघायचं. पैसे त्यानं तात्यांच्या खात्यावर पाठवले, कारण बँकेत खातं तेवढं त्यांचं होतं. तिथेच घोळ झाला असं मी आता म्हणते.

वहिनीचं माहेर इन्सुलीचं. बाळंतपणाहून तिला आणायला मी गेले, तेव्हा परतताना सावंतवाडीला आम्ही एसटी बदलायची सोडून तळ्याकाठच्या एका दुकानात शिरलो. वहिनीच्या खांद्यावर तीन महिन्यांची तनू, माझ्या हातात दुपट्यांची पिशवी आणि वहिनीच्या आईनं दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. दुकानदार भला माणूस होता. त्यानं पहिलाच प्रश्न योग्य विचारला.

"घराक होयो की धंद्याक?"

"घराक," मी म्हटलं. "रोजच्याक."

"आणि काढतलो कोण?"

मी वहिनीकडे बोट दाखवलं. त्यानं काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक मोठा, काळा, पुढे नळकांडं असलेला. दुसरा चंदेरी, साबणाच्या वडीएवढा. मग त्यानं मोठा स्वतःच बाजूला सारला. "हेका येगळी बॅटरी, ती चार्ज करूची लागता. तुमच्या हय लाइट किती वेळ आसता ता तुमका ठावक. हो बारको पेन्सिल सेलावर चलता, सेल खंयच्याय दुकानात गावतत. धांपण सरकयला की चालू, ह्या बटण दाबला की फोटो. दुसरा काय करूचा नाय."

वहिनीनं तनूला डाव्या खांद्यावर सावरलं आणि उजव्या हातात तो चंदेरी कॅमेरा घेतला. अंगठ्यानं झाकण सरकवलं, बटण दाबलं. छोट्या पडद्यावर दुकानदार आला, तोंड उघडं, डोक्यावर अर्धा पंखा. वहिनी सातवी शिकलेली, घरात कुणी तिच्या हातात टीव्हीचा रिमोटसुद्धा देत नसे. ती पडद्याकडे बघून इतक्या मोठ्यानं हसली की तनू दचकून रडायला लागली. "सुमा, माका येता गो ह्या!" ती म्हणाली. त्या दिवशी कॅमेरा निवडून झाला होता. आणखी काही ठरवायचं राहिलंच नव्हतं. पैसे तात्यांकडे होते म्हणून आम्ही फक्त कॅमेऱ्याचं नाव कागदावर लिहून घेतलं आणि घरी आलो.

तात्यांनी कागद वाचला आणि मापं ऐकली. "साबणाच्या वडयेएवढो? सावंतवाडीत लाकडी खेळणी गावतत, तेतूरलोच एक बघलास काय?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः सावंतवाडीला गेले आणि त्या काळ्या कॅमेऱ्याच्या प्रेमात पडून परत आले. त्याचा आकडा मोठा होता, म्हणजे मेगापिक्सेलचा. आकडा मोठा म्हणजे फोटोत जास्त माणसं मावतात असं त्यांनी वाडीत दोघातिघांना समजावूनही सांगितलं. मी म्हटलं, तात्यानू, दादान बारको सांगल्यान. ते म्हणाले, "तो बोटीवर आहे. त्याला इथलं काय माहीत आहे?" 'आहे' ऐकल्यावर बाबा चुळबुळले आणि भांडण नको म्हणून बोलून गेले, "देवाक इचारूया."

आमच्याकडे होडीला इंजिन घ्यायचं असो की मुलीचं स्थळ असो, देवाला कौल लावायची रीत आहे. गुरव पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि मग बघत बसायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी त्याची टिंगल करत नाही. आजही गावी गेले की देवळात जाते, आणि देवाबद्दल माझी काडीची तक्रार नाही. ज्यांनी त्याला प्रश्न विचारला त्यांच्याबद्दल आहे. कौलाच्या सकाळी बाबा मासेमारीला गेले होते. देवळात तात्या, गुरव, आणखी दोन मानकरी, आणि खांबाला टेकून मी.

तात्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज जो ह्या लेकरान कॅमेरो घेवचो म्हणान तुझ्या पायाकडे इलेलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" बाकीचे म्हणाले.

"तो थोरलो, भारीतलो कॅमेरो घेवक तुझी राजी आसात, तर उजवी पाकळी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याचा आवाज विरायच्या आत डावी पाकळी टपकन खाली पडली. इतकी झटपट की मला हसू आलं. चिचुंद्रीसारखं तोंड करून तात्या म्हणाले, "पाकळी नीट चिकटाक नव्हती." गुरवानं पुन्हा लावली. पुन्हा गाऱ्हाणं. बराच वेळ गेला, दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. तात्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितली. तिसऱ्या खेपेला उजवी पडली. "झाला!" तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळून बघितलं. "तीन येळा इचारूची रीतच आसा." गुरव ओली बोटं धोतराला पुसत राहिला. मी बावीस वर्षांची होते. रीत असेल, असं मला वाटलं. बाबा परत आल्यावर मी तक्रारीचा सूर काढला, तर ते म्हणाले, "कौल लागलो ना? झाला तर मगे." कितव्या खेपेला लागला ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ही माझी चूक, आणि तिचा राग मी स्वतःवरही काढलेला आहे.

काळा कॅमेरा आला आणि लोखंडी कपाटात गेला. किल्ली तात्यांच्या कनवटीला. बाहेरच्या खारट हवेनं तो बिघडेल, वाळूनं बिघडेल, बायकांच्या ओल्या हातांनी तर नक्कीच बिघडेल. त्यातून भारनियमन. बॅटरी अर्धी चार्ज होते न होते तोच पंखा घरघर करून थांबायचा आणि भरदुपारी फक्त लाटांचा आवाज ऐकू यायचा. तात्या जन्मभर रिळाच्या कॅमेऱ्याचे. फुकट फोटो काढता येतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरलीच नाही. एक फोटो म्हणजे एक फोटो, त्याला निमित्त हवं, नवे कपडे हवेत, उन्हाकडे तोंड करून ओळीत उभं राहायला हवं. वहिनी दोनदा मागायला गेली. एकदा तनू पहिल्यांदा पालथी पडली तेव्हा, आणि एकदा तिला दात आला तेव्हा. दोन्ही वेळा, "बघूया, चतुर्थीक काढूया," असं उत्तर घेऊन परत आली. तनूचा दात काय चतुर्थीची वाट बघत थांबणार होता?

उष्टावणाच्या दिवशी मात्र कॅमेरा बाहेर निघाला. वहिनीनं पहाटेपासून खीर, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ केली होती. तात्यांनी नऊ फोटो काढले, त्यातले काही दुसऱ्याच्या हातात कॅमेरा देऊन स्वतःचे. मानकरी बसलेले, मानकरी जेवताना, तात्या पानासमोर. तनू दोन फोटोंत होती. एकात पाठमोरी, आणि दुसऱ्यात काजळ गालभर पसरून किंचाळताना. ते फोटो मी सायबर कॅफेत घेऊन गेले तर मोठ्या आकड्याच्या त्या फोटोंची फाइल पुढे सरकेना. अख्खी दुपार बसून एकच फोटो गेला. दादाचं उत्तर आलं ते मला तोंडपाठ आहे. "तात्यांचो शर्ट बरो दिसता. माझा चेडू खंय आसा?" हे वाक्य मी घरी वाचून दाखवलं तेव्हा तात्या खूश झाले. पहिलं वाक्य त्यांनी वाडीत सांगितलं, दुसरं गाळलं.

तनू आता माझ्यापेक्षा उंच आहे. हॉटेलात ताट समोर आलं की जेवायच्या आधी सुरमईचे दहा फोटो काढते. परवा मी तिला म्हटलं, तू चालायला लागेपर्यंतचे सगळे मिळून तेवढे नाहीत. तिला ते खरं वाटेना. वहिनी शेजारीच बसून काटे काढत राहिली.

आणि मग ती दुपार आली. चुलीवर बांगड्याचं तिखलं रटरटत होतं, तिरफळांचा वास घरभर. वहिनी पडवीत जवळा निवडत होती, मी तांदूळ पाखडत होते. तनू बाबांच्या जाळ्यांच्या क्रेटला धरून उभी होती, तशी ती आठवडाभर उभी राहतच होती. समोरून मांजर गेलं. तनूनं क्रेट सोडला आणि मांजरामागे एक, दोन, तीन, चार पावलं टाकली. वहिनी ओरडली, "सुमा, कॅमेरो!" मी सुपासकट धावले. तात्यांच्या बाजूला गेले तर कपाटाला कुलूप. तात्या सावंतवाडीला लग्नाला गेलेले आणि किल्ली त्यांच्या कमरेला. मी ते कपाट हातानं बडवलं, लाथ मारली, त्याचा पोचा पुढे कित्येक वर्षं दिसत होता. परत आले तेव्हा तनू जमिनीवर बसून जवळा तोंडात घालत होती. वहिनी रडत होती, पण ते रागाचं रडणं होतं. "तेका आता काय सांगू? चललां म्हणान सांगू? तो काय बघतलो?" म्हणाली आणि हातातला जवळा तिनं अंगणात भिरकावून दिला. वहिनीनं अन्न टाकलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच बघितलं.

तिन्हीसांजेला तात्या आले. मी दारातच गाठलं. सगळं सांगितलं. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "मूल चाललं म्हणून एवढा गोंधळ? सगळीच मुलं चालतात. उद्याही चालेल."

"सगळीच पोरां चलतत, तात्यानू. दादाचा ह्या पयलाच आसा."

"आवाज खाली. देवाच्या कौलानं घेतलेली वस्तू आहे ती. येता-जाता मुलींच्या हातात द्यायला नाही."

त्यांनी देवाचं नाव घेतलं नसतं तर मी कदाचित तिथेच रडून गप्प झाले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तडक देवळात गेले. गुरव सभामंडप झाडत होता. मी सरळ विचारलं, तीन येळा कौल इचारूची रीत आसा काय हो, काका?

तो झाडायचा थांबला. "अशी रीत खंय नाय, बाय. डावो पडलो म्हणजे नको. परत इचारूचा झाला तर येगळो दिवस, येगळा गाऱ्हाणा."

"मगे तेवा बोललास कित्याक नाय?"

"मानकरी ते. मी त्यांच्यापुढे काय बोलतलंय?"

त्याच्यावरही मी खूप चिडले. आता वाटतं, त्याचं पोट देवळावर होतं. तरीही चिडते.

तिथून मी किनाऱ्यावर गेले. बाबा होडीच्या सावलीत बसून जाळं दुरुस्त करत होते. मी सांगत गेले आणि त्यांच्या हातातली सुई हळूहळू थांबली. "पयलो डावो पडलो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, व्हय. "तुका खात्री आसा?" मी म्हटलं, माझ्या डोळ्यांनी बघलंय, आणि तीन येळा इचारूची रीत नाय म्हणान गुरवानंच सांगल्यान. बाबांनी सुई जाळ्यात खोचून ठेवली. देवाचा कौल मोडलेल्या घरातून ते सात महिने रोज पाण्यात होडी लोटत होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं. मग उठले, हात धुतले, आणि मागल्या दारानं न जाता घराला वळसा घालून रस्त्याकडच्या दारानं तात्यांच्या बाजूला शिरले.

"तात्या, कपाटाची चावी दी."

"कशासाठी?"

"देवान नको म्हटलेली वस्तू माका घरात नको."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. त्यांचं तोंड उघडलं, पण त्यातून ना मालवणी आली ना मराठी. कनवटीची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

मला आनंद झाला हे खरं. पण त्याच क्षणी माझ्या अंगाची लाहीलाही झाली, ती का ते मला नीट सांगू दे. दादाचं पत्र पुरलं नव्हतं. वहिनीनं दोनदा मागितलं ते पुरलं नव्हतं. माझं ओरडणं पुरलं नव्हतं. आमच्यासारख्या तीन जित्याजागत्या माणसांचं म्हणणं ऐकायला या घरात एक ओली पाकळी पडावी लागली. बाबांवर माझं फार प्रेम होतं, पण हे मी त्यांनाही नंतर तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "खरा आसा." वाद घातला नाही.

त्याच आठवड्यात वहिनी आणि मी काळा कॅमेरा घेऊन सावंतवाडीला गेलो. दुकानदारानं लग्नांचे फोटो काढणारा एक माणूस गाठून तो त्याला विकून दिला आणि आम्हाला तो साबणाच्या वडीएवढा काढून दिला. त्यानंतर वहिनीनं फोटोंचा धडाकाच लावला. सगळे तिरके, अर्ध्यांत तिचा अंगठा. तनू घावन गालाला फासून, तनू क्रेटमध्ये बसून, तनू झोपलेल्या बाबांच्या पोटावर. फाइली छोट्या, झटकन जायच्या. दादा प्रत्येक फोटोला उत्तर लिहायचा. एकदा नुसतं एवढंच, "हिचे पाय माझ्यासारखे आसत."

करार संपवून दादा घरी आला तेव्हा तनू पळायला लागली होती. त्याला बघून ती वहिनीच्या साडीत लपली. तासाभरानं तिनं बाहेर येऊन त्याच्या पिशवीला हात लावला, आणि दादा श्वास धरून बसला होता तो सुटला. तेवढ्यात तात्या पेढे घेऊन आले. "मीच म्हणालो होतो, घरात एक कॅमेरा हवाच. उपयोग झाला की नाही?" म्हणाले. आणि दादानं काय करावं? वाकून त्यांच्या पायाला हात लावला. माझ्या हातातलं पेढ्यांचं ताट मी असं आपटलं की दोन पेढे अंगणात गेले.

जेवण झाल्यावर दादा मागच्या पडवीत तो कॅमेरा घेऊन बसला. मी आणि वहिनी बाजूला. तो एकेक फोटो मागे मागे नेत होता. पळणारी तनू, चालणारी तनू, क्रेट सोडून उभी असलेली तनू. मग त्यानं बटण दाबलं तर पडद्यावर पुन्हा शेवटचा, पळणाऱ्या तनूचा फोटो आला. त्याला वाटलं, आपली काही चूक झाली. त्यानं पुन्हा तिथवर नेलं. पुन्हा तेच झालं.

"ह्येच्या आधीचे खंय आसत?" त्यानं विचारलं.

वहिनी उठून आत गेली. मग ईमेलात कधी लिहिलं नव्हतं ते सगळं मी त्याला सांगितलं, कपाट, कौल, सावंतवाडीचं लग्न, चार पावलं, मांजर. सांगताना माझा आवाज चढत गेला, इतका की पलीकडे तात्यांचा टीव्ही बंद झाला. दादा खाली बघून ऐकत होता. अंगठा कॅमेऱ्याच्या झाकणावरून पुढे-मागे फिरत होता.

"जावंदे गो," तो शेवटी म्हणाला. "आता भांडान ती पावलां परत येतली काय?"

"येवची नाय," मी म्हटलं. "म्हणानच भांडतंय."